वेलदोड्याचे टरफल

परवा फराळाची गडबड चालली असता आमच्या कन्यारत्नाने वेलदोड्याच्या तेलाची इवलीशी बाटली आणली. किंमत ऐकून मी डोळे विस्फारले. आईने मात्र खलबत्त्यातला हात थांबवून बाटली नाकाशी नेली. वडील गेल्यापासून सणासुदीला ती अबोलच असते. "अरे, ह्यांच्या चहाचा वास!" ती म्हणाली.

हे तेल दाण्यांतून वाफेने काढतात. कापरासारखा थंडावा देणारे सिनिओल आणि गोडसर वासाचे टर्पिनिल अ‍ॅसिटेट हे त्यातले मुख्य घटक. अत्तरात ते आरंभीच दरवळते. १९९८ साली जाँ-क्लोद एलेना यांनी कार्तिएसाठी केलेल्या 'देक्लारासियाँ' या अत्तरातही वेलदोडा आहे. सुगंधोपचारवाले सांगतात, याने मन शांत होते. औषध म्हणून मी ग्वाही देणार नाही. आणि निव्वळ तेल, पातळ न करता, अंगाला लावू नये हे बरे.

पूड करून ठेवली की तेल उडून जाते. म्हणजे ऐन वेळी वेलदोडे सोलण्याचा आईचा हट्ट शास्त्राला धरूनच होता!

"टरफले टाकू नकोस हं. हे चहात घालायचे. सगळा वास त्यातच असतो म्हणायचे."

टरफलात तेल जवळजवळ नसतेच. इतरांच्या चुका दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. पण मी निमूटपणे टरफले गोळा केली आणि चहाचे आधण ठेवले.