‘डॉक्टरांना विचारा’

कर्करोगाच्या वॉर्डात सिस्टरच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते. ‘मला सांगता येणार नाही, डॉक्टरांना विचारा.’ गाठ कसली आहे? तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचे काय आले? शेक घेतल्यावर बरे वाटेल ना? प्रश्न कोणताही असो, उत्तर हेच.

हे वाक्य नीट ऐकण्यासारखे आहे. ‘सांगता येणार नाही’ याचे मराठीत तीन अर्थ होतात. मला ठाऊक नाही. कसे सांगावे ते मला जमत नाही. सांगायची मला मुभा नाही. रुग्णाला पहिला अर्थ ऐकू येतो. सिस्टरच्या मनात बहुतेक वेळा तिसरा असतो. आणि अभ्यासक मोजायला निघतात तो दुसरा.

रुग्णाला मध्यभागी ठेवून बोलण्याचा परिचारिकेला किती आत्मविश्वास आहे, हे मोजण्याची आता रीत पडली आहे. कागदावर विधाने असतात, पुढे आकडे असतात, एकावर खूण करायची. कल्पना मुळात अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाची, १९७७ सालची. एखादे काम आपल्याला जमेल असे माणसाला कितपत वाटते, यावर तो ते हाती घेतो की टाळतो हे बरेचसे ठरते. म्हणून विधान ‘मी करू शकते’ असे हवे, ‘मी करीन’ असे नको, हेही बंडुरांनीच बजावून ठेवले आहे. त्या ‘शकते’पाशीच घोडे अडते. कसब असूनही मज्जाव असेल, तर परिचारिकेने खूण कुठे करायची? तशी जागा कागदावर नसते.

डेन्मार्कमध्ये तयार झालेली अशी एक प्रश्नावली २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात विधाने २७ आणि भाग तीन. त्यातल्या एका भागाचे नाव मराठीत आणायचे तर ‘माहिती आणि सत्ता रुग्णाबरोबर वाटून घेणे’ असे होईल. ती बनवली होती डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी यांच्यासाठी. तिथे ते शोभतेही. डॉक्टरच्या हातात माहिती असते, सत्ताही असते. वाटायची की नाही एवढेच त्याने ठरवायचे. हाच कागद अधिपरिचारिकेपुढे ठेवला की प्रश्नच पालटतो. जे हातात नाही ते वाटून घेण्याचा आत्मविश्वास तिने कोठून आणायचा? तिच्या पदनामात ‘अधि’ आहे, अधिकार नाही.

वॉर्डातली सीमारेषा कुठे आखलेली असते, ते पाहा. केमोने केस जातील, पण पुन्हा येतील, हे सिस्टर सांगते. मळमळ होईल, तोंड येईल, ताप आला तर घरी थांबू नका, हेही सांगते. न घाबरवता सांगते, दोन-दोनदा सांगते. केमो कशासाठी लावले आहे, हे मात्र तिने सांगायचे नसते. म्हणजे परिणाम तिच्याकडून कळणार, कारण नाही. केसांबद्दल इतके नेमके बोलणारी बाई आजाराच्या नावापाशी आल्यावर एकाएकी बोलण्यात कच्ची पडते, असे मानायचे असेल तर मानावे.

नाशकात सुरगाण्याहून, पेठहून, कळवण-बागलाणातून रुग्ण येतात, धुळे-नंदुरबारकडूनही येतात. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयापासून खासगी केंद्रांपर्यंत पांगतात. कोणी अहिराणीत विचारतो, कोणी कोकणा बोलीत. डॉक्टरांच्या राउंडला त्यातले निम्मे लोक तोंड उघडत नाहीत. मोठ्या माणसासमोर काय विचारायचे, असे त्यांना वाटते. विचारतात ते सलाइन बदलायला आलेल्या सिस्टरला, हळू आवाजात, सोबतचा मुलगा चहाला खाली गेला की. माणूस आपला प्रश्न कोणापाशी ठेवतो, यावरून त्याचा विश्वास कोणावर आहे ते कळते. त्यासाठी प्रश्नावली लागत नाही.

मुलगा वर येतो. त्याने आधीच बजावलेले असते : त्यांना कळू देऊ नका, हाय खातील. डॉक्टरांनी ते मान्य केलेले असते. त्यांना नियमांचीही फारशी आडकाठी नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे नियम सांगतात की आजाराचे गांभीर्य वाढवूही नये, कमीही करू नये. आणि त्याची कल्पना रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना असेल, याची डॉक्टरांनी खात्री करावी. त्यातला ‘किंवा’ आपल्याकडे फार उपयोगी पडला. नातेवाइकाला सांगितले की काम झाले. रुग्णाला कळायला हवे, हे कोणाचे काम राहिलेच नाही. परिचारिकेचा तर त्या वाक्यात उल्लेखच नाही.

अशा वेळी आत्मविश्वास असलेली परिचारिका नेमके काय करील? खरे सांगितले तर डॉक्टरांचा शब्द मोडला, नातेवाईक भांडायला येणार, परिसेविका खुलासा मागणार. लपवले तर समोरचा माणूस तिच्याकडे बघतो आहे. ती म्हणते, डॉक्टरांना विचारा. वॉर्डाच्या हिशेबात ही शिस्त झाली. त्याच परिचारिकेने प्रश्नावलीत प्रामाणिकपणे खूण केली तर ती संवादात कमी भरते. आणि जी आकड्यांत वरचढ ठरते, तिने एकतर मज्जाव झुगारला आहे किंवा आपल्या वॉर्डात नसलेला प्रसंग मनात आणून खूण केली आहे. पहिलीला शिक्षा होईल, दुसरीला प्रमाणपत्र मिळेल.

यात नाशिकचे नाव घ्यायचे ते केवळ रुग्ण इथे येतात म्हणून नव्हे. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ मध्ये स्थापन झाले. राज्यभरच्या बहुतेक परिचर्या महाविद्यालयांतील पदव्या याच विद्यापीठाच्या. एम. एस्सी. नर्सिंगला प्रबंध लागतो, आणि त्याचा साचा त्या वर्तुळातल्या कोणालाही तोंडपाठ आहे. निवडक रुग्णालये, तिथल्या परिचारिका, आधी चाचणी, मग ठरावीक शिकवणी, मग पुन्हा चाचणी. शिकवणीनंतर गुण सहसा वाढतात. परिचारिका शिकल्या, अभ्यास सार्थकी लागला. दुसऱ्या दिवशी त्या ड्यूटीवर जातात आणि म्हणतात, डॉक्टरांना विचारा.

शिकवणी वाया जाते असे नाही. वाईट बातमी कशी द्यावी, रडणाऱ्या माणसाजवळ गप्प कसे बसावे, हे शिकवावे लागते आणि ते शिकता येते. निदान पहिल्यांदा डॉक्टरांनीच सांगावे, यातही वाद नाही. परिचारिकेने केस पेपर वाचून परस्पर घोषणा करावी असे कोणी म्हणत नाही. पण डॉक्टरांनी रुग्णाला काय सांगितले, हे तरी तिला कळायला हवे. केस पेपरवर औषध असते, मात्रा असते, वेळ असते. रुग्णाला आजाराचे नाव सांगितले आहे की नाही, त्याची ओळ नसते. रात्रपाळीची परिचारिका ते अंदाजाने ओळखते : मुलाच्या चेहऱ्यावरून, सुनेने मध्येच बोलणे तोडले त्यावरून. इतक्या अंधारात बोलायला उभे करायचे आणि वर तिचा आत्मविश्वास मोजायचा, याला संशोधन म्हणणे जड जाते.

शिवाय मोजणारेही एकाच बाजूला मोजतात. परिचारिकेला बोलू देण्याचा डॉक्टरांचा आत्मविश्वास किती, रुग्णालयाच्या प्रशासनाचा किती, यावर अजून कोणाला आकडे मांडावेसे वाटलेले दिसत नाहीत. तिथे चाचणीही नाही आणि शिकवणीही नाही.

विद्यापीठाला एकच विनंती. यापुढे या विषयावर जो प्रबंध मंजुरीसाठी येईल, त्याच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न हा ठेवा : ‘रुग्णाने आजाराबद्दल विचारले तर तुम्ही काय सांगायचे, हे तुमच्या वॉर्डात लेखी ठरले आहे का?’ उत्तर ‘नाही’ आले, तर उरलेले कागद त्या वॉर्डात वाटू नका. ते अधिष्ठात्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा.