सराव पार पडला, पण निरोप शेवटच्या वाडीपर्यंत पोचला का?

डिंभे (ता. आंबेगाव) : डिंभे धरणाच्या वरच्या खोऱ्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ जणांचा जीव गेला. बाहेरच्या जगाला पहिली खबर मिळाली ती एसटीच्या चालकाकडून. नेहमीच्या फेरीवर गेलेल्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही. त्याने ते कळवले आणि मग यंत्रणा हलली.

माळीणच्या वाचलेल्या लोकांचे पुनर्वसन आमडे येथे झाले. २०१७ मध्ये त्यांना नवी घरे मिळाली. या काळात खोऱ्यात घरोघरी मोबाईलही आला. तरी एक प्रश्न उरतोच. उद्या डोंगराऐवजी एखादी साथ आली, तर वाडीतली खबर वर दवाखान्यापर्यंत आणि दवाखान्याची सूचना खाली वाडीपर्यंत किती वेळात जाईल? आरोग्य खात्याचे सराव, म्हणजे मॉक ड्रिल, अशाच वेळेची तयारी म्हणून घेतले जातात. मात्र सरावात काय मोजले जाते आणि काय मोजायचे राहते, हे गावानेही पाहायला हवे.

खाटा मोजल्या, निरोप राहिला

कोविडची नवी लाट येईल या शंकेने केंद्र सरकारच्या सूचनेवरून २७ डिसेंबर २०२२ रोजी देशभरातील रुग्णालयांत सराव झाला. पुन्हा १० आणि ११ एप्रिल २०२३ रोजी झाला. खाटा किती, ऑक्सिजन प्लांट चालतो का, व्हेंटिलेटर सुरू होतो का, औषधे आणि माणसे पुरेशी आहेत का, यावर त्यात भर होता. २०२१ ची दुसरी लाट पाहिलेला कुणीही माणूस ही तपासणी फालतू म्हणणार नाही.

पण पेशंट खाटेवर येतो त्याच्या आधी बरेच काही घडलेले असते. वाडीत तीन घरांत एकाच वेळी ताप किंवा जुलाब सुरू झाले, हे कुणाच्या तरी लक्षात यावे लागते. ते आशाताईला कळावे लागते. आशाताईकडून उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेला, तिच्याकडून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, तिथून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि पुढे जिल्ह्याला निरोप जावा लागतो. या साखळीतली एक कडी जरी दोन दिवस थांबली, तरी तयार ठेवलेली खाट त्या दोन दिवसांत कुणाच्याच उपयोगाची नसते.

ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात ‘विषाणू युद्ध अभ्यास’ नावाचा सराव झाला. जनावरांतून माणसांत येणाऱ्या आजाराची खोटी साथ उभी करून माणसांचे डॉक्टर, पशुवैद्यक आणि वन्यजीव विभाग एकत्र कसे काम करतात, ते त्यात पाहिले गेले. घरामागे गोठा आणि गोठ्यामागे बिबट्याचा ऊस असलेल्या जुन्नर-आंबेगावला हा विषय नवीन नाही. इथेही असा सराव घ्यायचा झाला, तर निरोपाची परीक्षा त्याचा पहिला भाग असायला हवी.

बेलसरने काय शिकवले

पुणे जिल्ह्यातलेच उदाहरण पाहू. पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात जुलै २०२१ च्या सुरुवातीपासून तापाचे पेशंट वाढत होते. आधी पाच जणांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले, त्यातले तीन चिकुनगुनियाचे निघाले. त्यानंतर संस्थेचे पथक गावात आले. २७ ते २९ जुलै दरम्यान ४१ जणांचे नमुने घेतले. त्यातून २५ जणांना चिकुनगुनिया, तिघांना डेंगी आणि एका महिलेला झिका झाल्याचे निष्पन्न झाले. राज्यातील झिकाची ती पहिली नोंद होती. ती महिला तोपर्यंत बरीही झाली होती.

या प्रकरणात दोन्ही बाजू दिसतात. गावातून नमुने गेले, संस्थेचे पथक आले, आजार सापडला, म्हणजे साखळी चालली. पण पहिला ताप आणि झिकाचे नाव कळणे यात जवळपास महिना गेला.

किती वेळ योग्य म्हणायचा, यासाठी जगभरात आता एक सोपी फूटपट्टी वापरली जाते. २०२१ मध्ये मांडलेल्या या पट्टीला ‘सात-एक-सात’ म्हणतात. साथ सुरू झाल्यापासून सात दिवसांत ती लक्षात यावी, लक्षात आल्यावर एका दिवसात वर कळवली जावी आणि त्यानंतर सात दिवसांत पहिले जरुरीचे उपाय पूर्ण व्हावेत. यातला मधला ‘एक’ म्हणजे सरळ सरळ निरोपाचा दिवस. त्याला ना मशीन लागते, ना मोठा निधी. लागतो तो फोन उचलणारा माणूस आणि चालू असलेली रेंज.

डिंभ्याच्या वर भूगोल वेगळा

सपाटीवरच्या गावाचा हिशोब इथे चालत नाही. हुतात्मा बाबू गेणू सागराचे पाणी मधे पसरलेले आहे. समोरच्या काठावरचे गाव डोळ्यांना दिसते, पण तिथे जायला जलाशयाला वळसा घालावा लागतो. डिंभे ओलांडले की भीमाशंकरकडे जाणारा रस्ता पोखरी घाट चढून तळेघरला जातो, आणि आहुप्याकडची गावे सह्याद्रीच्या कड्यापर्यंत विखुरलेली आहेत. एका ग्रामपंचायतीत अनेक वाड्या, आणि एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचे तर मधे ओढा.

सरकारी नियमातही हा फरक मानलेला आहे. सपाटीवर ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांमागे. उपकेंद्राचा आकडा पाच हजारांऐवजी तीन हजार. इथली माणसे डिंभे, तळेघर, अडिवरे येथील आरोग्य केंद्रांवर आणि पुढे घोडेगाव, मंचरच्या सरकारी रुग्णालयांवर अवलंबून आहेत. इमारतीसाठी भूगोल मोजला, तसाच तो निरोपासाठीही मोजायला हवा.

शिवाय वेळही अडचणीची. पाण्याचे आजार पावसाळ्यात येतात. तेव्हाच भाताची आवणी असते, माणसे दिवसभर खाचरात असतात, फोन घरी. लाइट गेली की काही तासांनी टॉवरची बॅटरीही उतरते. श्रावणात भीमाशंकरला राज्यभरातून भाविक येतात. आवणी संपली की अनेक कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला जातात. गावाच्या यादीत त्यांचे नाव असते, माणूस मात्र दुसऱ्या तालुक्यात. अशा कुटुंबापर्यंत निरोप कसा जाणार, हे सरावात कुणी तरी विचारले पाहिजे.

कोणते साधन कुठे अडते

पहिले साधन मोबाईलवरचा सरकारी इशारा. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी राज्यातील अनेकांच्या मोबाईलवर मोठा आवाज होऊन चाचणीचा संदेश झळकला. या पद्धतीत तुमचा नंबर कुणाकडे असण्याची गरज नाही, इंटरनेटही लागत नाही. टॉवरच्या टप्प्यातील चालत्या फोनवर संदेश उमटतो. पण टॉवरच बंद असेल, फोन जुना असेल किंवा घर रेंजबाहेर असेल, तर काहीच येत नाही.

दुसरे साधन ग्राम सुरक्षा यंत्रणा. १८००२७०३६०० या टोल फ्री नंबरवर बोललेला निरोप गावात नोंदणी केलेल्या फोनवर त्याच आवाजात कॉल म्हणून जातो. साध्या बटणाच्या फोनवरही तो येतो. चोरी, आग, बिबट्या अशा प्रसंगी पुणे जिल्ह्यातील गावांनी तो वापरला आहे. ज्याचा नंबर नोंदलेला नाही किंवा बदलला आहे, तो मात्र बाहेर राहतो.

तिसरे साधन व्हॉट्सअॅप ग्रुप. सगळ्यात वेगवान, आणि सगळ्यात कमी भरवशाचे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भटक्या माणसांना ठेचून मारले. त्या काळात तशी अफवा मोबाईलवरून गावोगाव फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. अफवेला रेंज मिळते आणि खऱ्या सूचनेला मिळत नाही, असे झाले की काय होते, ते राईनपाड्याने दाखवले.

चौथे साधन जुनेच. दवंडी, मंदिराचा भोंगा, शाळेतली मुले, रेशन दुकान, एसटीचा चालक. बॅटरी उतरली तरी हे चालते. पण कुणाला कुठे जायचे हे आधी ठरलेले नसेल, तर दवंडी गावठाणातच फिरते आणि ओढ्यापलीकडची वाडी राहून जाते.

चार साधनांपैकी एकही एकटे पुरे पडत नाही. म्हणून सरावात ‘संदेश पाठवला’ एवढी नोंद अपुरी आहे. ‘ऐकला’ आणि ‘समजला’ या दोन नोंदी हव्यात.

‘सतर्क राहावे’ म्हणजे करायचे काय?

अनेक सूचना अशा असतात : नागरिकांनी सतर्क राहावे, घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये. हे वाचून घरातल्या बाईने चुलीपाशी नेमके काय वेगळे करायचे, ते कळत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी परिसरात जीबीएसचे पेशंट वाढले. संशयित पेशंटची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. तेव्हा लोकांना सर्वात उपयोगी पडणारी सूचना साधी होती : पाणी उकळून प्या, शिळे आणि कच्चे अन्न टाळा, हातापायांत अचानक कमजोरी आली तर लगेच दवाखाना गाठा. यात काम आहे, लक्षण आहे आणि जायची जागा आहे.

डिंभ्याच्या वरच्या वाडीसाठी निरोप असा हवा : “अमुक विहिरीचं पाणी सध्या प्यायचं नाही. दुसऱ्या विहिरीचं आणा, खळखळून उकळा, मग प्या. जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा आणि आशाताईला सांगा. पेशंट उठत नसेल, लघवी होत नसेल, तर १०८ ला फोन. पुढचा निरोप उद्या सकाळी मिळेल.” शेवटचे वाक्य महत्त्वाचे. पुढची खबर कधी मिळणार हे माहीत असलेला माणूस मधल्या वेळेत अफवेच्या मागे कमी लागतो.

वहीवर होणारी परीक्षा

अशी तपासणी गावपातळीवर करता येते, आणि तिला खर्च जवळपास नाही. पोलीस पाटील, आशाताई, ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्र यांनी मिळून एक दिवस ठरवायचा. निरोपाच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘हा सराव आहे’ हे स्पष्ट सांगायचे, नाहीतर सरावातूनच घबराट व्हायची. मग वहीत चार वेळा लिहायच्या : वाडीतून खबर निघाली कधी, आरोग्य केंद्राला कळली कधी, सूचना परत निघाली कधी, आणि वाडीतल्या शेवटच्या घराने ती ऐकली कधी.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाडीतील दहा घरांत तीनच प्रश्न विचारायचे. निरोप मिळाला का? कुणाकडून मिळाला? त्यात काय करायला सांगितले होते? ही दहा घरे निवडताना फोन नसलेली म्हातारी माणसे, ऐकू कमी येणारे, मजुरीला गेलेल्यांची घरे आणि पाण्यापलीकडची घरे मुद्दाम धरायची. चावडीजवळची दहा घरे विचारली तर निकाल शंभर टक्केच येणार.

यावर आरोग्य कर्मचाऱ्यांची बाजूही आहे. आशाताईंवर आधीच सर्वेक्षणांचा आणि नोंदींचा बोजा आहे. टॉवर त्यांच्या हातात नाही. शिवाय दर महिन्याला सराव केला तर ‘लांडगा आला रे आला’ व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून वर्षातून दोनदा पुरे : एकदा उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, आणि एकदा भर पावसात, शक्यतो लाइट गेलेल्या दिवशी. कोरड्या दिवशी पास झालेली साखळी पावसात पास होईलच असे नाही.

निकाल दडवायचा नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवायचा. अमुक वाडीत निरोप सहा तासांनी पोचला, तमुक वाडीत पोचलाच नाही, हे जाहीर झाले की त्यावर ठराव होतो. ठराव झाला की टॉवरची बॅटरी, नंबरची नोंदणी, भोंगा, वाडीनिहाय जबाबदार माणूस, अशा मागण्यांना कागद मिळतो. सराव नापास झाला म्हणून कुणाला नोटीस काढायची नाही, एवढे पथ्य वरिष्ठांनी पाळले पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी वहीत खऱ्या वेळा कुणी लिहिणार नाही.

माळीणच्या सकाळी एसटीची फेरी त्या रस्त्याने गेली म्हणून खबर बाहेर आली. साथीच्या वेळी फेरी बंदही असू शकते. तेव्हा खबर कोण नेणार, त्याचे नाव आजच वाडीवाडीत ठरलेले असावे.