वाचविलेली वीज जमेस धरावी

विजेचा तुटवडा पडला की नवे विद्युत्केंद्र उभारावे, हा उपाय आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यास पर्याय असू शकेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्या पर्यायाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी चेन्नई शहर व तामिळनाडू राज्य ह्यांचे उदाहरण विशेष बोधप्रद ठरेल.

निलगिरी पर्वतातील पायकारा येथे १९३२ साली जलविद्युत्केंद्र सुरू झाले. मेट्टूरचे केंद्र १९३७ साली चालू झाले. १९५७ साली राज्याचे विद्युत् मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर नेयवेलीचा लिग्नाइट, एन्नोरचा कोळसा, कल्पक्कमची अणुशक्ती अशी एकामागून एक भर पडत गेली. ह्या कर्तृत्वाविषयी आदरच वाटावयास हवा. परंतु ह्या सर्व काळात मागणी ही जणू पावसासारखी आकाशातून पडणारी गोष्ट मानली गेली. मागील वर्षांच्या वाढीवरून पुढील वर्षांचा अंदाज बांधावयाचा आणि तेवढी यंत्रे मांडावयाची, हाच नियोजनाचा अर्थ होऊन बसला.

ह्या पद्धतीची परीक्षा २०१२ साली झाली. त्या वर्षी चेन्नईत रोज दोन तास वीज बंद ठेवली जाई. जिल्ह्यांतील गावांत मात्र हा काळ दहा तासांच्याही पुढे गेला. कोइमतूरच्या ओतशाळा व तिरुप्पूरचे कापड-कारखाने डिझेलवर चालवावे लागले, आणि ज्यांना डिझेल परवडत नव्हते ते बंद राहिले. उत्तर चेन्नई येथील नवे संच नियोजित मुदतीत पूर्ण झाले नव्हते. बाहेरून वीज विकत घ्यावी तर ती आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता अपुरी होती. दक्षिणेची जाळी उर्वरित देशाशी एकतालाने जोडली गेली ती ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर वाहिनीमुळे. सोलापूरच्या वाचकांस आपल्या गावाचे हे महत्त्व कदाचित ठाऊक नसेल! आणि सर्वांत खेदाची गोष्ट अशी की, त्याच सुमारास वाऱ्याच्या हंगामात पवनचक्क्या थांबवून ठेवण्याची पाळी येई, कारण त्यांची वीज वाहून नेण्यास तारा पुरत नसत. एकीकडे अंधार व दुसरीकडे थांबविलेली यंत्रे, असा हा प्रकार होता.

विद्युत्केंद्र, वाहिनी व ग्राहकाच्या घरातील पंखा ह्या तिन्हींचा विचार तीन वेगळ्या कचेऱ्यांत झाला, म्हणजे असे घडते. हा विचार एकत्र करण्याच्या शास्त्रास एकात्मिक संसाधन नियोजन असे म्हणतात. शब्द बोजड आहे, आणि भाषांतरकाराने त्याबद्दल वाचकांची क्षमा मागावी हे उचितच. परंतु त्यामागील कल्पना कोणत्याही काटकसरी गृहिणीस समजेल अशी आहे. नवे केंद्र बांधून एक युनिट मिळविण्यास काय खर्च येतो, तेवढेच एक युनिट वाचविण्यास काय खर्च येतो, आणि ते दुपारऐवजी रात्री किंवा रात्रीऐवजी दुपारी वापरल्यास काय लाभ होतो, हे सर्व एकाच वहीत लिहावयाचे आणि जे स्वस्त असेल ते प्रथम घ्यावयाचे.

पंख्याचेच उदाहरण घेऊ. छताचा जुना पंखा साधारणतः ७५ वॅट वीज घेतो; नव्या प्रकारच्या चुंबकीय मोटरीचा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. म्हणजे एका पंख्यामागे ४५ वॅटची बचत. मे महिन्याच्या रात्री चेन्नईत असे दहा लक्ष पंखे एकाच वेळी फिरत आहेत असे मानले, तर बचत ४५ मेगावॅट होते. तारांतून येताना वाटेत गळणारी वीज मोजली, तर विद्युत्केंद्रापाशी ती त्याहूनही अधिक भरते. ह्या ४५ मेगावॅटना कोळसा लागत नाही, खाडी लागत नाही, कोणाची जमीन लागत नाही. मग पंखे बदलण्याचा खर्च वीजकंपनीने केंद्राच्या भांडवलासारखा का करू नये?

वेळेचा प्रश्न तर अधिकच महत्त्वाचा आहे. २०२४ च्या मे महिन्यात राज्याची सर्वोच्च मागणी २०,००० मेगावॅटच्या पुढे गेली. दुपारी सूर्याची वीज मुबलक असते. परंतु सूर्यास्तानंतर घरोघरी वातानुकूलन यंत्रे सुरू होतात, तेव्हा ती नसते. वारा पश्चिम घाटाच्या खिंडींतून मुख्यतः मे ते सप्टेंबर ह्या काळात वाहतो. अनैमलै डोंगरांतील कडंबारै येथे ४०० मेगावॅटचे उदंचन-केंद्र आहे. वीज विपुल असेल तेव्हा पाणी वर चढवावयाचे व टंचाईच्या घटकेस खाली सोडावयाचे, अशी त्याची रचना. शेतीचे वीस लाखांहून अधिक पंप हेही एका अर्थाने असेच साठवणीचे साधन आहेत. विहिरीतील पाणी दुपारी उपसले काय व मध्यरात्री उपसले काय, पिकास फरक पडत नाही; शेतकऱ्याच्या झोपेस व राज्याच्या तिजोरीस मात्र पडतो.

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो, की बचतीचा भरवसा धरता येत नाही. न वापरलेल्या विजेस मीटर कोठे लावावयाचा? आक्षेप अगदीच निराधार नाही. ग्राहक चांगला पंखा घेऊन तो अधिक वेळ चालवील, हेही संभवते. परंतु केंद्रांचा तरी भरवसा कोठे असतो? कूडंकुळमचा करार १९८८ साली झाला आणि पहिली वीज आली २०१३ साली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका सार्वजनिक संस्थेने पाच अणुकेंद्रे योजिली; एकच पूर्ण झाले, आणि १९८३ साली तिला सव्वादोन अब्ज डॉलरांचे रोखे बुडवावे लागले. १९८० च्या कायद्याने त्याच प्रदेशात ऊर्जाबचतीस इतर सर्व साधनांच्या आधी स्थान दिले होते. आपल्या दाभोळची कथा निराळी नाही: करार १९९३ चा, वीज १९९९ ची, आणि २००१ साली मंडळाने खरेदीच थांबविली. हे टाळता येते, असे सांगणारी माणसेही आपल्याकडे होती. बंगळूरचे प्रा. अमूल्य रेड्डी ह्यांनी कर्नाटकासाठी आणि पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतील गिरीश संत व शंतनू दीक्षित ह्यांनी महाराष्ट्रासाठी किमान खर्चाच्या नियोजनाचे गणित मांडून दाखविले होते.

दुसरा आक्षेप गरिबांच्या वतीने घेतला जातो: ज्यांच्या घरी एकच दिवा, त्यांनी काय वाचवावे? त्यांनी काहीच वाचवू नये. इतरांनी वाचविलेली वीज त्यांच्यापर्यंत पोहोचावी, हाच तर ह्या नियोजनाचा अर्थ. २०१२ साली दहा तासांचा अंधार भोगणारे लोक चेन्नईच्या वातानुकूलित वस्त्यांतील नव्हते. आणि एन्नोरच्या खाडीत, कोसस्थलैयार नदीच्या मुखाशी, औष्णिक केंद्राची राख ज्यांच्या जाळ्यांत येते ते कोळीही नव्हेत. त्या राखेची किंमत युनिटच्या दरात धरली, तर स्वस्त म्हणविणारी कोळशाची वीज कितीशी स्वस्त राहील?

केंद्र सरकारने २०२३ साली प्रत्येक राज्यास पुढील दहा वर्षांच्या वीजपुरवठ्याची पर्याप्तता तपासून योजना आखावयास सांगितले आहे. त्या योजनांत मेगावॅटांच्या यादीखाली वाचविलेले व वेळ बदललेले मेगावॅट दरासह लिहिले जावेत, आणि चेन्नईतील वीज नियामक आयोगाने ते रकाने भरल्यावाचून नव्या केंद्राचा खर्च मान्य करू नये.