कुक्केकडून की बीदहळ्ळीकडून?

आमच्या घरात कुठलाही बेत ठरला की तो दोन भाषांत मोडतो. दिवाळीच्या सुट्टीत लेकीनं जेवताना जाहीर केलं, "बारावीच्या परीक्षेआधी एकदा कुमार पर्वत." सासूबाईंनी लगेच हात जोडले. फोनवर माझी आई मात्र म्हणाली, "अगं, बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन कार्तिक पौर्णिमेलाच घ्यायचं असतं ना?" दोन अज्ज्यांच्या मध्ये मी. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला, "नम्म कडे हंगेनिल्ल." देव त्यांच्याकडचा, त्यामुळे वाद मिटला.

मला काळजी देवाची नव्हती, गुडघ्याची होती. ह्यांच्या.

सहा वर्षांपूर्वी आम्ही कुक्के सुब्रह्मण्यहून चढलो होतो. कळसूबाई झालीय, हे काय अवघड, असा ह्यांचा हिशेब. कळसूबाई १६४६ मीटर, कुमार पर्वत १७१२. कागदावर फरक साठ-सत्तर मीटरचा. पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गावच चांगलं उंचावर आहे, आणि कुक्के जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे इथं दीड हजार मीटर स्वतःच्या पायांनी चढायचे, एका बाजूला बारा-तेरा किलोमीटर. गिरिगद्देपर्यंत दाट जंगल, मुळांच्या पायऱ्या, सावली. भट्टर मनेत भात-सांबार झालं आणि वाटलं, जिंकलंच. पुढं उघडा गवताळ डोंगर आणि डोक्यावर ऊन. कल्लु मंटप मागं टाकून शेष पर्वतावर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. समोर शिखर. हे म्हणाले, "एवढं आलोय तर..." मी गप्प बसले, ती माझी चूक. उतरताना ह्यांचा गुडघा गेला. चौघांत एकच टॉर्च. भट्टर मनेचा दिवा दिसला तेव्हा नऊ वाजून गेले होते. पुढं आठवडाभर आम्ही एकमेकांशी मीठ-भाजीपुरतंच बोललो.

म्हणून यंदा सोमवारपेटेकडून, बीदहळ्ळीची वाट. ही निम्म्याच अंतराची आणि सुरुवातच उंचावरून, शिवाय बरीचशी जंगलातून. फक्त माथ्याजवळ कातळ आहे, ओला असला की साबणासारखा. लेकीला कुक्केचीच वाट हवी होती, "खरा ट्रेक तोच" म्हणून. मी ऐकलं नाही. वाट निवडताना घरातला सगळ्यात कच्चा पाय बघायचा, सगळ्यात तरुण नाही.

नोंदणीचंही सांगते. २०२४ च्या जानेवारीत इथं एवढी झुंबड उडाली की वनखात्याला ट्रेक थांबवावे लागले. नंतर ऑनलाइन नोंदणी आली. पावसाळ्यात वाट बंद असते. तेव्हा गाडी ठरवण्याआधी परवानगी.

तयारीसाठी आपला येळ्ळूरचा राजहंसगड कामाला आला. सहा रविवार, पाठीवर पाण्याच्या चार बाटल्या घेऊन. चढून एकदा नव्हे, तीनदा, कारण गुडघा चढताना नव्हे, उतरताना बोलतो. बूट नवे नकोत, ते राजहंसगडावरच मळवायचे. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतारावर अंगठा काळानिळा होतो. माणशी तीन लिटर पाणी, माणशी एक टॉर्च. जळवांसाठी (तिकडं 'इंबळ' म्हणतात) पातळ फडक्यात मिठाची पुरचुंडी. सासूबाईंनी अर्धा किलो मीठ बांधून दिलं, ते जवळजवळ तसंच परत आलं.

आणि एक गोष्ट आम्ही घरीच ठरवली : दुपारी एकला, असू तिथून परत. लेकीनं ते कागदावर लिहून चौघांच्या सह्या घेतल्या. तिच्या मामानं कन्नडमध्ये केली.

सकाळी सातला निघालो. कातळाशी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दगड ओला होता. ह्यांनी एक पाय टेकवला, परत घेतला आणि घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं, आता पुन्हा "एवढं आलोय तर..." पण हे खाली बसले. म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मी आणि मेहुणेबुवा इथंच."

एकला वीस मिनिटं कमी असताना आम्ही माथ्यावर होतो. लेक जेमतेम दहा मिनिटं बसली आणि स्वतःच उठली. खाली आलो तर ह्यांनी दोन संत्री सोलून ठेवली होती. शिखर कसं होतं ते विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, "दर्शन आयतेन?" आईनं फोनवर विचारलं, "जावईबापूंचा गुडघा?"