डब्यावरचे नाव आणि आतला ऐवज

आमच्या स्वयंपाकघरात 'साखर' असे नाव असलेल्या डब्यात गेली वीस वर्षे रवा आहे. घरच्या माणसांना ते ठाऊक असते. फसतो तो पाहुणा. यंदा संगणकापुढे बसल्यावर तो पाहुणा मी झालो, त्याची ही हकीकत.

आमची आई गेल्या चैत्रात गेली. त्याआधीच्या दिवाळीत तिने धाकट्या सुनेला अनारसे शिकवले, ते माझ्या भावाने मोबाइलवर टिपून ठेवले होते. अकरा मिनिटांचे चित्रण. यंदा भाऊबीजेला सारी भावंडे जमणार. त्यातला नेमका भाग कापून सर्वांना दाखवावा, म्हणून चिरंजीवांच्या जुन्या संगणकावर, संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी ती फाइल उघडली. आईचा आवाज स्वच्छ आला, "अगं, जाळी पडेपर्यंत हात लावू नकोस!" पण चित्राच्या जागी नुसता काळा पडदा.

"फाइल खराब झालीय, बाबा. काढून टाका," चिरंजीवांनी ऐटीत निकाल दिला. माझे बोट बटणापर्यंत गेलेही होते. तोच सौ. ओरडली, "अहो, थांबा! भावजींच्या फोनवर चांगलं दिसत होतं. तो फोन गेला, आता हे एकच उरलंय."

शेवटी शेजारची अभियांत्रिकी शिकणारी मुलगी आली. हसून म्हणाली, "काका, एमपी४ हे नुसतं डब्याचं नाव. आत काय भरलंय ते वेगळंच असतं. त्या भरण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात."

वाचकहो, मुळात हे असे भरावे का लागते? फुल एचडी चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येकाला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर तासाभराच्या चित्रणाला सुमारे ५६० गिगाबाइट जागा लागेल! म्हणून कोडेक काटकसर करतो. मागची भिंत, शेगडी, कढई जागच्या जागी असतात. हलतो तो आईचा हात. मग एक चित्र पूर्ण ठेवून पुढच्या चित्रांत बहुतांशी फक्त बदल लिहायचा.

या काटकसरीच्या रीती मात्र अनेक. २००३ साली आलेली एच.२६४ जवळजवळ सर्वत्र समजते. २०१३ साली आलेली एचईव्हीसी तेवढ्याच प्रतीच्या चित्राला जवळजवळ निम्मी जागा घेते, म्हणून पुष्कळ नवे फोन तीच वापरतात. पण तिचे पेटंटहक्क अनेकांकडे विखुरलेले. त्यांचा परवाना पडतो. म्हणून काही सॉफ्टवेअरांत ती वाचण्याची सोयच नसते. आवाज निराळ्या, परिचित कोडेकमध्ये असतो, म्हणून तो ऐकू येतो. मोडीतले पत्र आपल्याला वाचता आले नाही, म्हणून ते फाटले असे थोडेच होते?

मुलीने प्रथम मूळ फाइलीची दुसरी प्रत करून ती निराळ्या डिस्कवर ठेवली. मग व्हीएलसी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली, आणि पडद्यावर आई दिसली! सौ.ने पदर डोळ्यांना लावला. चिरंजीव खिडकीबाहेर पाहू लागले.

पुढे हँडब्रेक या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरने तिची एच.२६४ प्रत काढली. सेकंदाला किती चित्रे हा वेग फोनमध्ये कमीजास्त होतो आणि मग संकलनात ओठ व आवाज यांची चुकामूक होते. म्हणून तो कायम राखण्याचा पर्याय निवडला. "मूळ मात्र कधी पुसू नका," ती बजावून गेली. "प्रत्येक रूपांतरात थोडं काहीतरी गळतंच."

आता चित्रफीत तयार आहे. भाऊबीजेला ती लावू. तुमच्याही घरी एखादी फाइल मुकी किंवा आंधळी निघाली, तर पुसण्याआधी एवढे पाहा, की बिघाड डब्यातल्या ऐवजात आहे की तो ओळखणाऱ्याच्या नजरेत.