जहाजावर मोजतात, मांडवात कोण मोजणार?

‘क्रूझवर शेकडो प्रवाशांना उलट्या-जुलाब’ ही बातमी आता वर्षातून अनेकदा वाचायला मिळते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये तिच्या अखत्यारीतील जहाजांवर पोटाच्या आजाराचे १८ उद्रेक झाले. त्यांतील १५ उद्रेकांना नोरोव्हायरस कारणीभूत होता. मुंबईत २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. गोव्याकडे जाणारी जहाजे रायगडच्या किनाऱ्यासमोरून जातात आणि कोकणातली अनेक मुले हॉटेल मॅनेजमेंट शिकून अशाच जहाजांच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागतात. तेव्हा हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही.

या बातम्या वाचून जहाजे अस्वच्छ असतात असे वाटू शकते. पण नोरोव्हायरसच्या नोंदल्या गेलेल्या सगळ्या उद्रेकांपैकी जहाजांवरचे जेमतेम एक टक्का असतात, असे सीडीसीच सांगते. उरलेले रुग्णालये, वृद्धाश्रम, शाळा, उपाहारगृहे आणि समारंभांतले असतात. जहाजाची बातमी होते, कारण तिथे प्रत्येक रुग्ण मोजला जातो.

मोजणी कशी होते?

अमेरिकी बंदरांत परदेशातून येणाऱ्या प्रवासी जहाजांसाठी १९७० च्या दशकापासून एक स्वच्छता कार्यक्रम चालतो. चोवीस तासांत तीन किंवा अधिक जुलाब, किंवा उलटीसोबत ताप, पोटदुखी, अंगदुखी यांसारखे आणखी एखादे लक्षण, अशी रुग्णाची व्याख्या ठरलेली आहे. जहाजाचा डॉक्टर रोज अशा रुग्णांची यादी ठेवतो. आजारी माणसाने आधीच्या तीन दिवसांत काय आणि कुठे खाल्ले, हे लिहून घेतले जाते. प्रवासी किंवा कर्मचारी यांपैकी दोन टक्के आजारी पडले की लगेच कळवावे लागते आणि आकडा तीन टक्क्यांवर गेला की जहाजाचे नाव जाहीर होते. पूर्वसूचना न देता तपासणी होते. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज नापास.

उद्रेक लक्षात आल्यावर स्वयंपाकघराची रीत बदलते. बुफेमधले चमचे शेकडो हातांत फिरतात, म्हणून स्वतः वाढून घेणे बंद होते आणि कर्मचारी वाढू लागतात. टेबलावरच्या मीठ-मिरीच्या सामाईक डब्या उचलल्या जातात. दारांच्या मुठी, जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणे क्लोरीनच्या द्रावणाने पुन्हा पुन्हा पुसली जातात. पिण्याच्या पाण्यात नळाच्या शेवटच्या टोकालाही किमान ०.२ पीपीएम क्लोरीन उरले पाहिजे, हा नियम तर एरवीही असतो.

इतकी दक्षता लागते, कारण हा विषाणू चिवट आहे. त्याचे शंभराहूनही कमी कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. लक्षणे साधारण १२ ते ४८ तासांत दिसतात आणि एक ते तीन दिवसांत रुग्ण बरा होतो. मात्र बरे झाल्यावरही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ शौचातून विषाणू बाहेर पडत राहू शकतो. करोनाकाळात आपण सॅनिटायझरवर विश्वास ठेवायला शिकलो. नोरोव्हायरसवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते.

आचारी आजारी असेल तर?

जहाजांच्या नियमांतला सर्वांत मोलाचा नियम आचाऱ्याबद्दल आहे. अन्न हाताळणाऱ्याला उलटी-जुलाब झाले, तर लक्षणे थांबल्यावरही ४८ तास त्याला वेगळे ठेवायचे. इतर कर्मचाऱ्यांसाठी ही मुदत २४ तास आहे.

हा नियम का हवा, ते २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामा बंदरात थांबवलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर दिसले. तिथला विषाणू करोनाचा होता आणि तो मुख्यतः श्वासावाटे पसरतो, हा फरक ध्यानात ठेवूनही त्यातून शिकण्यासारखे आहे. जहाजावर ३,७११ माणसे होती. भारतीय १३८, त्यांतले १३२ कर्मचारी. प्रवासी खोल्यांत विलग झाले, पण त्यांचे जेवण रांधायला आणि दारात पोचवायला कर्मचारी कामावरच राहिले. ९ फेब्रुवारीपर्यंत २० कर्मचारी बाधित आढळले. त्यांतील १५ अन्नसेवेतले होते, आणि २० पैकी १६ जणांच्या खोल्या एकाच मजल्यावर होत्या. एकत्र राहणाऱ्या आणि एकत्र काम करणाऱ्या स्वयंपाक्यांना बाजूला काढण्याची सोय नसेल, तर विलगीकरण अर्धवटच राहते.

पेण-रोह्यात काय होते?

आता आपल्याकडे पाहू. लग्नाचा मांडव, गणपतीचा महाप्रसाद, महामार्गावरचे ढाबे, धाटावच्या कारखान्यांची कॅन्टीन, आश्रमशाळांची स्वयंपाकघरे. माणसे आणि जेवण एकत्र येण्याचे प्रसंग आपल्याकडे जहाजापेक्षा कमी नाहीत. फरक इतकाच की जहाजावरचे प्रवासी एकाच ठिकाणी राहतात आणि लग्नाचे वऱ्हाड पंगत आटोपली की पांगते. काही जण पनवेलला जातात, काही मुंबईला, काही नागोठण्याला. दुसऱ्या दिवशी त्रास सुरू होतो तेव्हा कुणी मेडिकलमधून गोळी आणतो, कुणी गल्लीतल्या डॉक्टरकडे सलाईन लावून घेतो. उपजिल्हा रुग्णालयात चार-पाचच रुग्ण येतात. ‘उन्हाने झाले असेल’ म्हणून विषय संपतो. नोरोव्हायरससाठी शौचाची पीसीआर तपासणी लागते. तालुका पातळीवर ती सहसा होत नाही.

नोंद ठेवण्याची व्यवस्था आपल्याकडेही आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे आणि आता आरोग्य केंद्रांतून माहिती ऑनलाइन जाते. पण जो रुग्ण सरकारी दवाखान्यात आलाच नाही, तो बहुतेक वेळा त्यातून निसटतो. मोजणी झाली की काय साधते, हे पुण्याने २०२५ च्या सुरुवातीला दाखवले. सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारेचे रुग्ण वाढले तेव्हा घरोघरी सर्वेक्षण झाले, काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि लक्ष पाण्याकडे वळले.

अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी आणि संसर्ग असलेल्याने अन्नाला हात लावू नये, असे आपला अन्नसुरक्षा नियमही सांगतो. पण मार्चमध्ये काढलेले प्रमाणपत्र मे महिन्यातल्या जुलाबांबद्दल काहीच सांगत नाही. लग्नसराईत रोजावर आलेल्या वाढप्याला सकाळपासून चार वेळा जावे लागले, तर तो ते सांगेल का? सांगितले तर त्या दिवसाचा रोज बुडतो, कदाचित पुढच्या कामालाही बोलावणे येत नाही. तो गोळी घेऊन कामाला उभा राहतो. त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. पण दोन दिवसांचा रोज त्याला घरी बसून मिळणार नसेल, तर स्वच्छतेचे फलक लावून काही होत नाही.

करता येण्यासारखे

– केटररशी ठरवताना एक अट घाला: उलटी-जुलाब झालेला माणूस थांबल्यानंतर ४८ तास कामावर नको, आणि त्याचा रोज कापायचा नाही. हजार पानांच्या खर्चात दोन माणसांचा रोज फार नसतो.
– टँकरचे किंवा विहिरीचे पाणी वापरण्याआधी ग्रामपंचायतीकडून टीसीएल टाकून घ्या आणि ओटी टेस्ट करायला सांगा. बर्फ कशापासून केला, हेही विचारा.
– हात धुण्याच्या जागी साबण ठेवा. कोशिंबीर, ताक, पन्हे यांत हात किंवा पेला बुडवू देऊ नका. लांब दांड्याचा डाव आणि एकच वाढपी ठेवा.
– उलटी झालेली जागा एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम टीसीएल पावडर मिसळून पुसा, हातमोजे घालून.
– एकाच जेवणानंतर दोन घरांत त्रास झाला तरी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा. पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारा: कुणाला, कधीपासून, काय खाल्ले होते?

रुग्णाला ओआरएस सुरू करा. लहान मूल, गरोदर स्त्री आणि वृद्ध यांच्याबाबत वाट पाहू नका. लघवी कमी झाली, गुंगी आली किंवा शौचातून रक्त गेले तर थेट रुग्णालय गाठा.

यजमानांना कळवायला संकोच वाटतो, नाव खराब होईल अशी भीती असते. जहाज कंपन्यांनाही ती भीती आहेच, म्हणून तिथे कळवणे त्यांच्या मर्जीवर ठेवलेले नाही. आपल्याकडे निदान दुसऱ्या दिवशीचा एक फोन तरी व्हावा. त्याच केटररचे पातेले संध्याकाळी दुसऱ्या मांडवात चढणार असते.