टॅक्सीतील सूट आणि मागच्या आसनावरचे मूल

तांजोंग पगार स्थानकाबाहेर रविवारी सकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर एक विसंगती सहज नजरेस येते. एक जोडपे दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन टॅक्सीत बसते आणि निघून जाते. शेजारच्या दुसऱ्या कुटुंबाने अ‍ॅपवरून खासगी भाड्याची मोटार मागवलेली असते. तिचा चालक मात्र मुलाकडे पाहतो, बालआसन नाही म्हणून मान हलवतो आणि फेरी रद्द करतो. रस्ता तोच, मोटारीही सारख्याच. फरक केवळ परवान्याचा.

सिंगापूरचा नियम तसा स्पष्ट आहे. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या व्यक्तीला तिच्या उंची-वजनाला साजेशा बालआसनात, म्हणजे आपण ज्याला कार सीट म्हणतो त्यात, किंवा पट्टा योग्य जागी आणणाऱ्या बूस्टर आसनावर बसवणे बंधनकारक आहे. न बसवल्यास चालकाला १२० डॉलरचा दंड आणि तीन दोषगुण. २०१२ पासून वयाऐवजी उंचीचा निकष आला, आणि तो शास्त्राला धरून आहे. मोठ्यांच्या मापाचा पट्टा लहान मुलाच्या खांद्यावर न बसता मानेवर येतो आणि कमरेऐवजी पोटावर आवळला जातो. टॅक्सीला मात्र यातून सूट आहे. रस्त्यात हात दाखवून थांबवल्या जाणाऱ्या वाहनाने प्रत्येक मापाचे आसन बाळगावे तरी कसे, हा त्यामागचा युक्तिवाद. व्यवहार म्हणून तो पटतोही. पण ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार धडकून क्षणार्धात थांबली, तर दहा किलोच्या बाळाचा भार शंभर-दीडशे किलोंच्या घरात जातो. तो पेलण्याची ताकद कोणत्याही आईबापाच्या हातांत नसते, मग मोटारीच्या टपावर टॅक्सीची पाटी असो वा नसो.

‘मग स्वतःची मोटार घ्या’ हे उत्तर या शहरात फार महाग पडते. दहा वर्षे मोटार बाळगण्याच्या हक्कपत्राची, म्हणजे सीओईची, लहान मोटारींच्या गटातील किंमत २०२३ च्या ऑक्टोबरात एक लाख सहा हजार डॉलरवर गेली होती, आणि हा झाला मोटारीविना नुसता कागद. साहजिकच अनेक मराठी कुटुंबे एकतर मोटारीविना राहतात किंवा आखूड हॅचबॅक घेतात. इथे दुसरी अडचण सुरू होते, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते.

अडचण अशी की बालआसने मोठी होत गेली आणि परवडणारी मोटार लहानच राहिली. तान्ह्या बाळाचे आसन मागे तोंड करून बसवावे लागते, कारण धडकेचा जोर मानेऐवजी संपूर्ण पाठीवर पसरला पाहिजे. तसे ते पुरेसे कललेले ठेवले, की पुढच्या प्रवाशाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. मग कोणीतरी आसन थोडे उभे करतो, आणि झोपलेल्या बाळाची मान पुढे पडून श्वासाला अडथळा होण्याचा धोका निर्माण होतो. आयसोफिक्सचे आकडे बहुधा मागच्या दोन बाजूंनाच असतात, मधल्या जागी नसतात. दोन आसने लावली की मध्ये आजीला बसायला वीतभर जागा उरते. काही आसनांना जमिनीवर टेकणारा आधारपाय असतो. मोटारीच्या तळाशी सामानाचा कप्पा असेल, तर त्याच्या पोकळ झाकणावर तो पाय टेकून चालत नाही. पट्ट्याने बांधायचे म्हटले, तर काही मोटारींत पट्टाच अपुरा पडतो.

म्हणून आसन घेण्यापूर्वी ते स्वतःच्या मोटारीत प्रत्यक्ष लावून पाहावे. ते नीट बसले का, हे ओळखण्याची कसोटी साधी आहे: पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवले असता आसन इंचभराहून अधिक सरकता कामा नये, आणि मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येऊ नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०११ मध्ये केलेल्या पाहणीत ४६ टक्के आसने चुकीच्या पद्धतीने वापरली जात असल्याचे आढळले. त्याच संस्थेच्या अंदाजानुसार योग्य बालआसनामुळे मोटारीतील तान्ह्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो. पोलीस आसन आहे की नाही एवढेच पाहतो. ते सैल आहे का, हे पाहणे पालकांवर सोडलेले आहे.

आम्हा सिंगापूरकर मराठी मंडळींना इथल्या शिस्तीचा मोठा अभिमान असतो. मुंबई विमानतळावर उतरताच तो सामानाच्या पट्ट्यावरच राहून जातो. बाहेर काका मोटार घेऊन उभे असतात आणि नातू कौतुकाने पुढच्या आसनावर बसतो. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा अपघातात उघडलेल्या एअरबॅगच्या आघाताने मृत्यू झाला. पुढची मोटार दुभाजकाला धडकली आणि तिचा मागचा भाग या छोट्या मोटारीच्या बॉनेटवर आदळला, एवढेच निमित्त झाले. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागात उघडते आणि तिचे गणित मोठ्या माणसाच्या छातीवर बेतलेले असते. भारतात पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग २०२१ मध्ये सक्तीची झाली. मुलांना मागे बसवण्याची सवय मात्र तिच्याबरोबर आली नाही.

कायदा नाही असेही नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मूल सुरक्षापट्टा किंवा बालआसनाविना आढळल्यास एक हजार रुपये दंड आहे. माझ्या मते खरी गोम त्या ‘किंवा’त आहे. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला, तरी कलमाची अट पूर्ण होते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा मागच्या आसनावरील पट्ट्याची देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत मुलांचे आसन जवळजवळ कुठेच नव्हते. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत बालसुरक्षेला स्वतंत्र गुण दिले जातात, ही त्यातल्या त्यात आश्वासक गोष्ट. पण ते गुण बालआसनात बसवलेल्या पुतळ्यांच्या चाचणीवर मिळतात, मांडीवर बसलेल्या मुलांच्या नव्हे.

कलमातला तो ‘किंवा’ उंचीच्या निकषाने बदलायला हवा, आणि सिंगापुरातही टॅक्सीची सूट निदान आगाऊ आरक्षित फेऱ्यांपुरती तरी काढून घ्यायला हवी; कारण तिथे आसन आणण्यास वेळ मिळतो. तोवर नाताळच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी पट्ट्यानेही बांधता येणारे आसन सोबत न्यावे. अनेक विमान कंपन्या ते सामानाच्या वजनात धरत नाहीत. आणि काकांना आधीच फोन करून विचारावे: मोटारीच्या मागच्या आसनावरचे पट्टे सीटकव्हरखाली दडपले गेलेले नाहीत ना?